सदतिसाव्या पानावरचं नख

घड्याळजींनी पुस्तक टेबलावर ठेवलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हे आता थांबवा."

बाईंच्या हातात तारखेचा शिक्का होता. तो हवेतच राहिला. "काय थांबवू?"

"ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. माझं वय एकाहत्तर. तुमचे यजमान सज्जन माणूस, त्यांच्या घड्याळाचा पट्टा मी या हातांनी बदललाय. इतके दिवस गप्प बसलो, म्हटलं बाईमाणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे. पण आता तुम्ही कुठे कुठे जायची भाषा करायला लागलात!"

बाई तीन ताड उडाल्या. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांच्यावर नाना आरोप झाले होते. आवाज चढा आहे, पंखा स्वतःकडेच फिरवून घेतात, पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर चारचौघांत नाव पुकारतात. पण हा आरोप अगदीच कोरा करकरीत होता.

आता या वाचनालयाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर घड्याळजी आपल्याला उगाच वेडे वाटतील. दातांच्या दवाखान्याच्या वरची ती एक लांबोळकी खोली. चौदा कपाटं, दोन बाकं, एक टेबल, आणि खालून दिवसभर दात कोरायच्या यंत्राची घरघर. पूर्वी इथे चरित्रं आणि प्रवासवर्णनं जायची. आता ती कपाटं कुणी उघडत नाही. लोकांना हवं ते नवीन, आणि नवीनमध्येही तीनच प्रकार: प्रेमाच्या कादंबऱ्या, जादूच्या कादंबऱ्या आणि अवकाशयानांच्या कादंबऱ्या. बाई त्यांच्या पाठीवर अनुक्रमे गुलाबी, हिरवी आणि निळी चिकटपट्टी लावत. दातांचा डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये हिरवी वाचायचा. शाळेच्या मुख्याध्यापिका गुलाबी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायच्या. घड्याळजी तिन्ही रंगांचे, कारण त्यांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना पहिलं यायचं होतं.

इथे एक पद्धत होती. नवीन पुस्तक जो पहिल्यांदा नेईल, त्याचं नाव आतल्या पानावर 'पहिला वाचक' म्हणून लिहायचं, आणि ते पुस्तक फाटेस्तोवर तिथे राहायचं. त्यासाठी टेबलावर एक यादी असे. पुस्तक यायच्या आधीच नंबर लावायचा. घड्याळजींनी दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून या यादीत दुसऱ्या कुणाची डाळ शिजलेली नव्हती.

आणि बाई स्वतः? सभासद त्यांना पाठीमागे 'वाचनीय बाई' म्हणत. कुठलंही पुस्तक दाखवून "कसं आहे?" विचारलं की त्या मान वर न करता म्हणत, "वाचनीय आहे." खरी गोष्ट अशी की बाईंनी एखादी कादंबरी शेवटपर्यंत वाचल्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. पुस्तक यायचं, नोंद व्हायचं, घरी जायचं, प्लास्टिकचं कव्हर घालून परत यायचं. हलवायाला पेढ्याचं कौतुक नसतं, तशातली गत.

"घड्याळजी," बाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "खाली दवाखाना आहे. बरं वाटत नसेल तर..."

"दात ठणठणीत आहेत माझे." घड्याळजींनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. चाळीस वर्षं ज्यातून बारीक बारीक चक्रं पाहिली, तेच. पुस्तक उघडून त्यांनी एक पान खिडकीकडे तिरकं धरलं. "बघा. आता नाही म्हणा."

हिरव्या पट्टीचं, जाडजूड पुस्तक होतं. बेटावर एकट्या राहणाऱ्या कुठल्याशा राणीची गोष्ट. पानाच्या मध्यावर एका ओळीखाली नखाने दाबल्याची खूण होती, अंगठ्याच्या नखाची, चंद्रकोरीसारखी. एक नाही, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरीला कोर लावून रेघ ओढलेली. ओळ अशी होती:

जायचंच असेल तर जाईन. पण आधी एकदा माझ्याशेजारी बस.

"जाईन म्हणजे कुठे जाईन?" घड्याळजी कळवळून म्हणाले. "माझ्या गुडघ्यांना हा जिना उतरवत नाही!"

बाईंना हसू फुटणार होतं. "अहो, कुणातरी वाचकानं..."

"पहिला वाचक मी. माझ्याआधी हे पुस्तक फक्त तुमच्या हातात असतं. आणि हे एकच पुस्तक असतं तर मी सोडून दिलं असतं. आधी सदतिसाव्या पानावर आकड्याखाली एक नख, मग पुढे कुठेतरी एक ओळ. दर पुस्तकात तेच. आधी सदतीस, मग ओळ."

शिक्का बाईंच्या हातून सुटला आणि टेबलाखाली घरंगळत गेला.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. छत्तीस, सदतीस. आकड्याखाली एक कोर. नीट, ठाम, आतल्या बाजूला वळलेली.

सदतिसाव्या पानावर नख उमटवणारी जगात एकच व्यक्ती बाईंना माहीत होती, ती म्हणजे त्यांची आई. आई टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून गावाची सुखदुःखं एकीकडून दुसरीकडे जोडून दिली, आणि कानावर आलेलं कधी ओठांवर आणलं नाही. घरी आली की वाचायची. चरित्रं, इतिहास, भारदस्त काहीतरी. कादंबऱ्यांचं नाव काढलं की म्हणायची, "त्यापेक्षा मिठाच्या पुडीचा कागद वाचावा." वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आणू नये म्हणून ती सदतिसाव्या पानावर नखानं खूण करी. पेन कधी नाही. पुस्तकावर पेन चालवणारा उद्या लोकांच्या भिंतीवर नाव लिहील, असं तिचं मत. आणि सदतीसच का, तर पहिली वीस-पंचवीस पानं कुणीही वाचतं, सदतिसाव्यापर्यंत जो टिकला तो वाचक.

पण ती आई चौदा महिन्यांपूर्वी आजारात गेल्यासारखीच होती. म्हणजे होती घरातच, खिडकीपाशी, कॉटवर. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. डॉक्टर सुरुवातीला म्हणाले होते, "फारसं कळत नसावं त्यांना." तेव्हापासून घरात सगळे तसंच धरून चालले होते. परवा, शनिवारी, बाईंचा थोरला भाऊ गाडी घेऊन येणार होता. त्याच्या शहरात आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे आईची खाट ठरली होती.

"बाई?" घड्याळजी घाबरले. "तुम्ही पांढऱ्याफटक पडलात. हे बघा, मी कुठे बोलणार नाही. फक्त थांबवा म्हणालो."

"किती पुस्तकांत आहे म्हणालात?"

घड्याळजींनी दुसऱ्या खिशातून वही काढली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची वही ती, अक्षर मुंगीएवढं आणि ओळ दोरीत. "सगळं उतरवून ठेवलंय. उद्या काही प्रकरण उपटलं तर पुरावा असावा म्हणून. तारीख, पुस्तकाचा रंग, पान, वाक्य."

बाईंनी वही वाचायला घेतली. हे वाचन त्यांना टाळता येण्याजोगं नव्हतं.

पहिली नोंद सात महिन्यांपूर्वीची. हिरवं पुस्तक. शाप लागून दगड झालेल्या मुलीची गोष्ट असावी. वाक्य: दगडालाही ऐकू येतं, हे कुणाला सांगायचं?

"इथे तुम्ही मला दगड म्हणालात असं वाटलं," घड्याळजी कानाशी पुटपुटले. "जरा लागलं."

गुलाबी पुस्तक: मी इथेच आहे. तुला दिसत कसं नाही?

"त्या आठवड्यात मी तुमच्याकडे न बघता पुस्तक बदलून गेलो होतो. माझी चूक झाली असं वाटलं."

निळं पुस्तक. यानात गोठवून झोपवलेला प्रवासी: झोपलोय असं समजून ते माझ्यासमोर सगळं बोलत होते.

पुन्हा गुलाबी: मी हात पुढे केला. तू तो उचलून पांघरुणात ठेवलास.

"यावर तर मी दोन दिवस जेवलो नाही," घड्याळजी म्हणाले.

बाईंचे कान बंद झाले होते. त्यांना दिसत होता तो आईचा डावा हात. सुरुवातीच्या महिन्यांत तो सारखा वर यायचा. कॉटच्या कडेवर थपथप करायचा, बाईंच्या पदराकडे यायचा. बाई म्हणायच्या, "हाताला चाळा लागलाय तिच्या," आणि तो उचलून पांघरुणात सरकवायच्या. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. वर पांघरूण नीट खोचायच्या, कारण त्या कामाच्या नीटनेटक्या होत्या.

आणि मग एकदम सगळं उलगडलं. नवीन पुस्तकं कव्हर घालायला घरी जायची ती आईच्याच खोलीत, कारण घरातलं मोठं टेबल तिच्या कॉटला लागून होतं. आठवडाभर ती तिथेच पडलेली असत, तिच्या डाव्या हाताच्या टप्प्यात. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, हात पुढे केला तर झाकून ठेवतात. मग आईनं पुस्तकांत लिहिलं, दुसऱ्यांची छापलेली वाक्यं वेचून, नखानं. लेक वाचनालय चालवते, तिच्या हातून प्रत्येक पुस्तक जातं, ती उघडून पाहीलच, असा तिचा हिशेब. चुकली बिचारी. लेकीनं एकही उघडलं नाही. प्लास्टिक चढवलं, शिक्का मारला आणि आईची पत्रं घड्याळजींच्या नावावर चढवून मोकळी झाली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"ही पुढची," घड्याळजींनी बोट ठेवलं. निळं पुस्तक, महिन्याभरापूर्वीचं: यान कुठे नेताहेत, हे मला कुणी विचारलं नाही.

त्याखाली दोन नोंदी होत्या, दोन्हींसमोर एकच शब्द: कोरं.

"या दोन पुस्तकांत काही नव्हतं," घड्याळजी म्हणाले. "सदतिसाव्यावरही नाही. मी दोनदा भिंग फिरवलं. म्हटलं, सुटलो, बाई भानावर आल्या. आणि मग आज हे."

बाईंनी तारखा पाहिल्या आणि बोटांवर मागे मोजत गेल्या. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. त्या आईच्या खोलीत पुस्तकांना कव्हर घालत बसल्या होत्या. हात मोकळे नव्हते म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. दादा म्हणत होता, "तिला काय कळतंय, इथे काय आणि तिथे काय." आणि बाई, आदल्या रात्रीचं जागरण डोळ्यांत घेऊन, कात्रीनं प्लास्टिक कापता कापता म्हणाल्या होत्या, "खरं सांगू का दादा, सुटली तर बरं होईल आता."

आई हाताच्या अंतरावर होती. तिनं तीस वर्षं लोकांची बोलणी ऐकली होती. हेही ऐकलं. आणि त्यानंतर दोन आठवडे तिनं कुठल्याच पुस्तकाला नख लावलं नाही.

बाई उठल्या. भिंतीवर अडीच वाजले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भरदुपारी दारावर 'बंद' ची पाटी उलटवली.

"माझी शेवटची दोन प्रकरणं अजून वाचायची आहेत," घड्याळजी जिन्यात म्हणाले, कारण पुस्तक बाईंच्या काखेत होतं. मग बाईंचा चेहरा बघून म्हणाले, "राहू दे."

"घड्याळजी, ते तुमच्यासाठी नव्हतं. माझी आई आहे ती. मला लिहीत होती."

घड्याळजी कठड्याला धरून उभे राहिले. वयस्क माणूस लाजून लाल होतो आणि त्याच क्षणी रडवेला होतो, ते बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी भिंग खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. "सात महिने," एवढंच म्हणाले. "आणि मी वहीत उतरवत बसलो."

घर चार गल्ल्या पलीकडे. बाई इतक्या घाईनं कधी चालल्या नव्हत्या, आणि दाराशी पोचल्यावर इतक्या हळू किल्ली कधी फिरवली नव्हती. या वेळी घरात आई आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी असायच्या. मावशी सकाळी बाई निघाल्यावर यायच्या, चारला किल्ली शेजारी देऊन जायच्या. दोघींची गाठ पगाराच्या दिवशीच, तीही उभ्या उभ्या.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आई तीन उशांना टेकून बसली होती. मांडीवर उशी, उशीवर निळ्या पट्टीचं नवीन पुस्तक. नाकावर चष्मा. डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेवर. डोळे ओळीवरून सरकत होते, खाली उतरत होते. अंगठ्यानं पान उचललं, उलटवलं, तळहातानं सपाट केलं. मग आई ओठाच्या एका बाजूनं हसली. पुस्तकात काहीतरी गमतीचं आलं असावं.

बाईंनी चौकट धरली. चौदा महिन्यांत आई हसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

मावशी स्वयंपाकघरातून पेला घेऊन आल्या आणि दचकल्या. "अगंबाई, तुम्ही? या वेळी?"

"मावशी," बाईंच्या तोंडून कुजबुज बाहेर पडली, "आई वाचते?"

"म्हणजे काय! दिवसभर. चष्म्यासाठी किती बोट दाखवत होत्या सुरुवातीला, शेवटी मीच शोधून काढला खणातून. मी निघताना काढून ठेवते, झोपताना टोचतो म्हणून." मावशींना बाईंच्या चेहऱ्याचा अर्थ लागेना. "तुम्हाला माहीत नाही होय? अहो, तुम्हीच आणता ना पुस्तकं त्यांच्यासाठी! नाहीतर दर आठवड्याला कुणासाठी आणता?"

रोज संध्याकाळी आईच्या नाकावर दोन लालसर ठसे दिसायचे. बाई त्यावर क्रीम चोळायच्या. म्हातारपणी कातडी नाजूक होते, असं त्या नवऱ्याला सांगायच्या. चष्म्याचे ठसे होते ते, आणि बाई रोज त्यांना मलम लावत होत्या! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

आवाज ऐकून आईनं मान वळवली. लेक दिसताच तिचे डोळे मिटले. पुस्तकावरचा हात आपणहून पांघरुणात गेला.

तो हात जाताना पाहिला आणि बाईंना राहवलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, सरळ कॉटवर, आईला लागून बसल्या. राणीचं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं, ती ओळ असलेलं पान वर करून.

"बसलेय गं," त्या म्हणाल्या. "बघ, शेजारीच बसलेय."

मिटलेल्या पापण्या हलल्या.

"मी एकही पुस्तक उघडलं नाही, आई. कव्हर घालत राहिले नुसती. आज दुसऱ्याच्या वहीत वाचलं सगळं. त्या रविवारी जे बोलले ना मी... ते तू ऐकलंस. मी दमले होते, पण ते काही कारण नव्हे. बोलू नये ते बोलले. मला लाज वाटते."

आईच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्म्याखालून ओघळलं. डोळे तिनं उघडले नाहीत. राग होता तो. असायलाच हवा होता.

बाईंनी फोन काढला, दादाला लावला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"दादा, शनिवारी गाडी आणू नकोस."

"आता काय नवीन? खाट राखून ठेवलीय मी."

"आई वाचते."

"काय?"

"कादंबऱ्या वाचते. सात महिने झाले. प्रेमाच्या, जादूच्या, अवकाशयानाच्या."

दादा म्हणाला, "आई? आपली आई? प्रेमाच्या?" चौदा महिने न बोललेली आई वाचते यापेक्षा ती प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते याचाच त्याला आधी धक्का बसला. "अगं, मिठाच्या पुडीचा कागद वाचेन म्हणायची ती!"

"तिच्या हाताला लागेल ते तिनं वाचलं. आणि ओळींखाली नखानं खुणा करून मला निरोप पाठवत होती. यान कुठे नेताहेत हे मला कुणी विचारलं नाही. असं लिहिलंय, दादा. आपण तिच्यासमोर संस्थेचं ठरवत होतो ना, तेव्हाचं."

दादाचा आवाज अगदी लहान झाला: "म्हणजे मी स्पीकरवर जे जे बोललो..."

"हो. सगळं. आताही ऐकतेय."

फोनमधून मोठ्या माणसाचे दाबलेले हुंदके आले, आणि तुटक शब्द, "आई... मी येतो... गाडी नाही, नुसता येतो."

आईनं डोळे उघडले.

तिनं आधी फोनकडे पाहिलं, मग लेकीकडे. बऱ्याच दिवसांनी कुणी कुणाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि त्यात माफी होती का, हे बाईंना कळेना. मग डावा हात पांघरुणातून बाहेर आला. बाईंनी तो धरला नाही. खूप मोह झाला, पण धरला नाही. हात पुस्तकावर गेला.

आई पानं उलटायला लागली. चार पानं, दहा पानं, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एकेका पानाला वेळ लागत होता. बाई आणि मावशी बघत होत्या. पुस्तक उघडून त्यातलं वाक्य सापडेपर्यंत कुणासाठी थांबायचं, हे बाई आयुष्यात पहिल्यांदाच करत होत्या. राणीची गोष्ट संपली, तरी आई थांबेना. अगदी शेवटच्या पानावर आली. तिथे गोष्ट नव्हतीच. कोऱ्या पानाच्या मध्यावर प्रकाशकानं एकच ओळ छापली होती. तिच्याखाली आईनं अंगठ्याचं नख टेकवलं आणि सगळा जोर लावून दाबलं. कागदाला भोक पडायचं बाकी राहिलं.

दुसरा भाग पुढच्या वर्षी.

बाईंनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. पुढच्या वर्षी. ज्या आईला सुटली तर बरं म्हटलं होतं, तिला राणीचं पुढे काय झालं ते हवं होतं, आणि त्यासाठी वर्षभर थांबायची तिची तयारी होती. बाई आईच्या लुळ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. आईनं डाव्या हातानं त्यांच्या डोक्यावर थापटी मारली. जरा जोरातच मारली, जवळजवळ टपलीच ती. मावशी म्हणाल्या, पेल्यातलं दूध निवतंय, पण कुणी ऐकलं नाही.

शनिवारी दादा बसनं आला आणि दुपारभर कॉटपाशी मान खाली घालून बसला. आईनं त्याला निळं पुस्तक वाचायला लावलं. तो अडखळत वाचत होता, आणि एक पान चुकून गाळलं तेव्हा आईनं ते बोटानं परत उलटवून दिलं.

सोमवारी सकाळी घड्याळजी वाचनालयात आले ते खाली मान घालूनच. वही बाईंच्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडेच असू द्या," म्हणाले. मग घसा खाकरून, "शेवटच्या दोन प्रकरणांत... राणी बेट सोडते का हो?"

"मी कालच वाचलं," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सभासदाला खरं सांगत होत्या. "पण सांगणार नाही. तुम्हीच वाचा."

घड्याळजींनी पुस्तक घेतलं. जाता जाता सवयीनं त्यांचा हात नंबराच्या यादीकडे वळला. नवीन पान काढलेलं होतं. वर बाईंच्या अक्षरात राणीच्या दुसऱ्या भागाचं नाव, वर्ष पुढचं. त्याखाली पहिला वाचक म्हणून एक नाव आधीच लिहिलेलं होतं.

आई.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, ते एवढंसं नाव बराच वेळ पाहिलं, आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, दुसऱ्या नंबरावर आपलं नाव लिहिलं.